पांढरा उंदीर आणि घारे डोळे

घाऱ्या डोळ्यांना ऊन बाधतं, काळेभोर डोळे मात्र ते सोसतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे खरं का, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. या प्रश्नाचं निम्मं उत्तर प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांनी दिलेलं आहे.

अमेरिकेतल्या बफेलो इथले संशोधक वर्नर नोएल यांनी १९६६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पांढऱ्या उंदरांना त्यांनी ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवलं. उजेड काही डोळे जाळणारा नव्हता. तरीही दिवसभर सलग तो पडल्यावर डोळ्याच्या पडद्यातल्या, म्हणजे दृष्टिपटलातल्या पेशी मरू लागल्या आणि ते नुकसान भरून आलं नाही. अंगात ताप असेल तर हेच काम काही तासांत होई. अंधुक उजेडात ज्याच्यामुळे दिसतं, ते ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्यच या नुकसानीच्या मुळाशी निघालं.

पांढऱ्या उंदराच्या अंगात मेलॅनिन हे रंगद्रव्य नसतं. म्हणून त्याचे डोळे लाल दिसतात. मेलॅनिन डोळ्यात दोन ठिकाणी असतं: बाहुलीभोवतीच्या रंगीत बुबुळात आणि दृष्टिपटलामागच्या थरात. मग काळ्या डोळ्याच्या उंदराला वाचवतं ते कुठलं?

रॅप आणि विल्यम्स या संशोधकांनी १९८० साली याचा छडा लावला. काळ्या डोळ्यांच्या उंदरांच्या बाहुल्या त्यांनी औषधाने मोठ्या केल्या. मग पडद्यापर्यंत सारखाच उजेड पोचला, तेव्हा काळ्या डोळ्याचंही पांढऱ्याइतकंच नुकसान झालं. म्हणजे रंगामुळे पडदा चिवट होत नाही. रंगीत बुबुळ हा खिडकीचा जाड पडदा आहे. तो उजेड अडवतो, एवढंच. पडदा सरकवला की आतलं घर सारखंच उघडं.

आता आपल्या घाऱ्या डोळ्यांकडे येऊ. त्यांच्या बुबुळाच्या पुढच्या भागात मेलॅनिन कमी असतं, पण मागचा थर काळाच असतो. तेव्हा घारा माणूस म्हणजे पांढरा उंदीर नव्हे. शिवाय उंदीर निशाचर. त्याच्यावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. उलट काळ्या डोळ्यांनीही फुशारकी मारू नये. सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर सूर्याची प्रतिमा बाहुलीतून थेट पडद्यावर पडते. तिथं बुबुळाचा रंग काय कामाचा? दवाखान्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले की तोच पडदा सरकतो. म्हणून घरी येताना काळा चष्मा लावावा.

खरा प्रश्न आहे तो जन्मतः वर्णहीन मुलांचा. कोड वेगळं, हे वेगळं. माझ्या नात्यात असा एक मुलगा आहे. वर्गात त्याला खिडकीसमोर बसवत. तो डोळे बारीक करी आणि 'नाटकं करतो' म्हणून बोलणी खाई. घरी त्याहून वाईट. गरोदरपणी ग्रहण पाहिलंस म्हणून पोर असं झालं, हे त्याच्या आईला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं.

ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येतं, आणि दोघेही दिसायला अगदी चारचौघांसारखे असतात. या मुलांची नजर अधू असते ती उन्हाने जळून नव्हे. रंगद्रव्याच्या अभावी पडद्याचा मधला भाग जन्मापूर्वीच पुरता घडत नाही, म्हणून. बुबुळातून उजेड आरपार येतो, तो खुपतो, हे मात्र खरं. तेव्हा मुलाला खिडकीकडे पाठ करून पुढच्या बाकावर बसवा, रुंद काठाची टोपी आणि रंगीत काचांचा चष्मा द्या, मोठ्या अक्षरांची पुस्तकं द्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळेवर न्या. त्यांची कातडीही उन्हाने लवकर भाजते, तीही झाका.

मुलाच्या डोळ्यांना सावली हवी, आणि त्याच्या आईला या बोलण्यातून सुटका. दोन्ही देणं आपल्याच हातात आहे.