धूर झोपेतच गाठतो : १४ एप्रिलला वस्तीत स्मोक अलार्म बसवूया

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरात, दाणा बाजारात कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील ७ जण गेले. ज्वाला त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, धुराने गुदमरून मृत्यू झाला. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबईत, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तेच घडले. खाली दुकान, वर घर, वेळ पहाटेची आणि पुन्हा एकाच कुटुंबातील ७ जणांचा बळी.

आपल्या परभणी जिल्ह्यात चित्र वेगळे नाही. परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या बाजारपेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. मानवत, सेलू, पाथरीकडे भाव वाढेल या आशेने कापूस घरातच रचलेला असतो. कापूस पेटला की आधी ज्वाळा दिसत नाही, तो आतल्या आत धुमसत राहतो. आणि अनेक घरांना बाहेर पडायला दार एकच!

जाग का येत नाही?

धुराचा वास आला की जाग येईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गाढ झोपेत वासाने जाग येईलच याचा भरवसा नसतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. मोठ्या आवाजाने मात्र माणूस उठतो. स्मोक अलार्मचे काम एवढेच. तळहाताएवढ्या डबीत प्रकाशाचा किरण असतो. धूर आत शिरला की तो किरण विखुरतो आणि कर्कश शिट्टी वाजते. बॅटरीवर चालणाऱ्या अलार्मला वायरिंग लागत नाही. तो आग विझवत नाही. बाहेर पडायला लागणारी मोलाची मिनिटे देतो.

कुठे बसवायचा?

झोपण्याच्या खोलीत, आणि खाली दुकान किंवा कापूस असेल तर तिथेही. स्लॅबच्या घरात छताला, पंख्यापासून दूर लावावा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात पत्रा भयंकर तापतो. म्हणून पत्र्याला न लावता भिंतीवर, छतापासून साधारण वीतभर खाली लावावा. किती तापमानापर्यंत चालतो, हे खोक्यावर पाहूनच घ्यावा. चुलीच्या, गॅसच्या किंवा वंदनेच्या मेणबत्ती-अगरबत्तीच्या अगदी वर लावला तर तो उगाच वाजतो, मग लोक बॅटरीच काढून ठेवतात. वंदना झाली की मेणबत्ती विझवूनच उठावे, हेही सांगायला हवे.

हा अलार्म गॅसगळती ओळखत नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

मंडळांनी काय करावे?

अमेरिकेत रेड क्रॉसचे स्वयंसेवक २०१४ पासून घरोघरी जाऊन मोफत अलार्म बसवतात आणि कुटुंबासोबत बाहेर पडण्याचा मार्ग ठरवतात. आपल्याकडे यासाठी १४ एप्रिलसारखा दिवस नाही. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह पाळतात. बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग अलार्मसाठी काढला तर?

तिघांचे एक पथक करा, त्यात एक महिला असावी. एकाने अलार्म बसवावा, दुसऱ्याने घरच्यांशी बोलावे, तिसऱ्याने वहीत तारीख नोंदवावी. सुरुवात एकटे राहणारे वृद्ध, दिव्यांग आणि दुकानावर राहणारी कुटुंबे यांच्यापासून करा. प्रत्येक घरी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: रात्री कुलपाची किल्ली दाराजवळच राहील, धूर झाला तर सगळे वाकून बाहेर पडतील, आणि बाहेर आल्यावरच १०१ किंवा ११२ ला फोन होईल. सामान आणायला कोणीही परत आत जाणार नाही.

बसवून विसरलेला अलार्म काही कामाचा नाही. म्हणून दर पौर्णिमेला विहारातून घरी आलो की अलार्मचे बटण दाबून पाहायचे. आवाज आला नाही तर बॅटरी बदलायची. दहा वर्षांनी अलार्मच बदलायचा.

संभाजीनगर आणि चेंबूरची ती १४ माणसे झोपेत होती. त्यांना उठवणारे काही घरात असते, तर कदाचित त्यांतली काही आज आपल्यात असती. आपल्या वस्तीत तरी ते बसवूया. जय भीम!