विश्लेषण : नळाचे पाणी सुरक्षित कसे होते? जलशुद्धीकरण केंद्रातील ऑपरेटरला प्रमाणपत्र का हवे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसर आणि महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या नांदेड, किरकटवाडीसारख्या गावांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आढळला आणि परिसरातील विहीर, टँकर व पाण्यातील क्लोरिनची मात्रा यांची चर्चा घरोघरी सुरू झाली. हाच जिवाणू २५ वर्षांपूर्वी कॅनडातील एका छोट्या गावाच्या नळांतूनही आला होता. तेथे सात जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर पाणी शुद्ध करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीचे नियम पूर्णपणे बदलले. या कर्मचाऱ्याला नेमके काय यावे लागते, याविषयी...

वॉकरटनमध्ये काय घडले?

वॉकरटन हे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे सलग काही दिवस जोरदार पाऊस झाला. जवळच्या शेतातील जनावरांच्या शेणखतातून ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. त्या पाण्यात टाकला जाणारा क्लोरिन इतके प्रदूषण निष्प्रभ करण्यास अपुरा होता. २,३०० हून अधिक जण आजारी पडले, सात जण दगावले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर आयोगाने २००२ मध्ये अहवाल दिला. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी शिल्लक क्लोरिन रोज मोजतच नव्हते, नोंदवहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असे आकडे लिहिले जात होते, हे त्यातून उघड झाले. त्यांना औपचारिक प्रशिक्षण नव्हते. त्यांची प्रमाणपत्रे केवळ अनुभवाच्या आधारे, परीक्षेविना मिळालेली होती. क्लोरिनच्या चवीबद्दल लोक तक्रार करत, म्हणून मात्राही कमी ठेवली जाई. विहिरीवर क्लोरिन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर साथ टळली असती आणि रोज हाताने मोजणी केली असती तरी तिची व्याप्ती बरीच कमी झाली असती, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

पाणी शुद्ध करण्याचे मूळ तत्त्व कोणते?

एकाच उपायावर विसंबायचे नाही, हे पहिले तत्त्व. त्याला बहुस्तरीय अडथळ्यांचे तत्त्व म्हणतात. स्रोताचे रक्षण, गाळ खाली बसवणे, वाळूतून गाळणे, निर्जंतुकीकरण आणि जलवाहिन्यांची निगा असे एकामागे एक अडथळे उभे केले जातात. त्यातला एखादा कोलमडला, तर पुढच्याने सांभाळून घ्यावे, अशी रचना असते. धरण किंवा नदीच्या पाण्यासाठी महाराष्ट्रात सर्वत्र साधारण हीच साखळी दिसते. मुंबईला पाणी देणारे भांडुप संकुल असो किंवा एखाद्या नगरपालिकेचे छोटे केंद्र, आकार बदलतो, क्रम तोच राहतो.

तुरटीचे काम काय, मात्रा कशी ठरते?

पावसाळ्यातील गढूळ पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दिवसभर ठेवले तरी तळाशी बसत नाहीत. तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड (पीएसी) हा भार घालवते. मग कण एकमेकांना चिकटून पुंजके तयार होतात. यासाठी आधी पाणी काही सेकंद जोरात ढवळावे लागते, नंतर बराच वेळ हळू. हळू ढवळण्याच्या टप्प्यात वेग वाढला, तर तयार झालेले पुंजके पुन्हा फुटतात.

मात्रा अंदाजाने ठरवायची नसते. त्यासाठी ‘जार टेस्ट’ करतात. सहा चंचुपात्रांत एक-एक लिटर कच्चे पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा टाकतात, ढवळतात आणि अर्धा तास स्थिर ठेवतात. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी चांगले निवळते, ती त्या दिवसाची मात्रा. समजा ती लिटरला ३० मिलिग्रॅम आली आणि केंद्र दिवसाला एक कोटी लिटरचे, म्हणजे १० एमएलडीचे असेल, तर ३० गुणिले १० म्हणजे दिवसाला ३०० किलो तुरटी लागेल. उन्हाळ्यात चाललेली मात्रा जुलैत चालत नाही. जास्त तुरटी टाकली की पाणी अधिक स्वच्छ होते, हाही गैरसमजच. तुरटी पाण्यातील अल्कता खाते, सामू खाली येतो, पुंजके नीट बनत नाहीत आणि ॲल्युमिनियम पाण्यात उतरते.

वाळूच्या गाळणीला इतके महत्त्व का?

निवळलेले पाणी वाळूच्या थरातून जाते. काही जंतू क्लोरिनला दाद देत नाहीत, म्हणून या टप्प्याचे मोल मोठे. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ या परजीवीने सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले. तेथील पाण्यात क्लोरिन होता. पण या परजीवीचे कवच क्लोरिनला पुरून उरते, त्याला गाळणीतच अडवावे लागते. साथीच्या आधी एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा नेहमीपेक्षा वाढलेला होता.

त्यामुळे गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा हा गाळणीच्या तब्येतीचा आरसा ठरतो. तो एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) तो १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. गाळणी चालत राहते तशी वाळूत घाण साचते आणि पाण्याचा मार्ग चोंदतो. मग खालून उलट्या दिशेने हवा आणि पाणी सोडून ती धुतात. त्याला ‘बॅकवॉश’ म्हणतात. धुतल्यानंतर पहिली काही मिनिटे येणारे पाणी तुलनेने गढूळ असते. ते पुढे जाऊ न देता सोडून द्यायचे असते. घाईत नेमका हाच टप्पा वगळला जाण्याचा धोका असतो.

क्लोरिन किती पुरेसा?

येथे ऑपरेटरची खरी परीक्षा असते. पाण्यात टाकलेल्या क्लोरिनचा काही भाग सेंद्रिय घाण, लोह, अमोनिया यांच्याशी क्रिया होण्यात संपतो. ती पाण्याची क्लोरिनची मागणी. मागणी भागून जे उरते, तो शिल्लक क्लोरिन. टाकलेली मात्रा २ मिलिग्रॅम आणि मागणी दीड असेल, तर शिल्लक अर्धा मिलिग्रॅम राहतो. पहिल्या पुरात मागणी दोनवर गेली आणि मात्रा तीच ठेवली, तर शिल्लक शून्य. पंप सुरू असतो, क्लोरिन पडत असतो, नोंदवहीतील मात्राही बरोबर असते. पण पाणी असुरक्षित असते. म्हणूनच किती टाकला यापेक्षा किती उरला, हे मोजावे लागते.

दुसरा मुद्दा वेळेचा. क्लोरिन क्षणात जंतू मारत नाही. शिल्लक क्लोरिन आणि संपर्काचा काळ यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असावा. मागणी वाढली म्हणून टाकीतून दुप्पट पाणी सोडले, तर संपर्काचा काळ निम्मा होतो. तिसरा मुद्दा सामूचा. सामू साडेसातच्या आसपास असताना क्लोरिनचा साधारण निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे मीटरवर आकडा तोच दिसला, तरी ताकद तीच असेल असे नाही.

गावपातळीवर अडचण कोठे येते?

ग्रामपंचायतींमध्ये क्लोरिन वायूऐवजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. चांगल्या प्रतीच्या ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. पण पोते उघडे राहिले, ओल लागली, उन्हात पडले की तो उडून जातो. दिवसाला २० किलो क्लोरिन हवा असेल, तर ३३ टक्क्यांच्या पावडरीचे सुमारे ६० किलो लागतात. तीच पावडर २० टक्क्यांवर आली की १०० किलो. पोत्यावरचे वजन पाहून टाकणाऱ्याला हा फरक कळत नाही. महाराष्ट्रात हे काम गावाचा जलसुरक्षक करतो. स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. पावडर संपल्यावर नवीन खरेदीला निधी नसणे, पावडर नीट न साठवणे आणि क्लोरोस्कोपने रोज तपासणी न होणे, यांपैकी एक कडी निखळली, तरी बाकी मेहनत वाया जाते.

केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी घरापर्यंत शुद्ध राहते का?

हमी नसते. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येते. पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि गळतीच्या जागेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. शिल्लक क्लोरिन हे त्यावरचे शेवटचे संरक्षण. मानकानुसार ग्राहकाच्या नळाला तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळू नये. एखाद्या भागात शिल्लक क्लोरिन अचानक नाहीसा झाला, तर तेथे काही तरी वाहिनीत शिरते आहे, असे समजून शोध घ्यायचा असतो. जिवाणू तपासणीचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात, क्लोरिनची चाचणी दोन मिनिटांत होते.

प्रमाणपत्राच्या परीक्षेत काय विचारतात?

अमेरिकेत १९९६ च्या कायदादुरुस्तीनंतर पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये ऑपरेटर प्रमाणपत्रासाठी किमान निकष ठरवले. केंद्राच्या गुंतागुंतीनुसार वर्ग, शालेय शिक्षण, परीक्षा, प्रत्यक्ष अनुभव आणि ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण, असे त्याचे स्वरूप आहे. ऑन्टारिओनेही वॉकरटननंतर २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा केला. केवळ जुन्या अनुभवावर प्रमाणपत्र टिकवण्याची सोय बंद झाली आणि सर्वांना परीक्षा बंधनकारक झाली. वॉकरटनमध्येच आता ऑपरेटरांचे प्रशिक्षण केंद्र आहे.

अशा परीक्षांमध्ये वर सांगितलेलीच तत्त्वे असतात. मात्रेचे गणित, जार टेस्टचे वाचन, बॅकवॉश कधी करायचा, संपर्ककाळ कसा मोजायचा, नमुना कसा घ्यायचा. सुरक्षिततेवरही भर असतो. क्लोरिन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि उंचावर जायचे असते. गळती शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणाची वाफ वापरतात, गळतीच्या जागी पांढरा धूर दिसतो. नोंदी खऱ्या ठेवणे आणि दूषित नमुन्याची माहिती तातडीने आरोग्य यंत्रणेला देणे, हाही ऑपरेटरच्या कर्तव्याचा भाग मानला जातो. वॉकरटनमध्ये प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल हाती असूनही तो आरोग्य विभागाला सांगितला गेला नव्हता.

भारतात स्थिती काय?

देशभर सक्तीने लागू असलेला असा ऑपरेटर परवाना भारतात नाही. जल जीवन मिशनमध्ये ‘नल जल मित्र’ म्हणून गावातील व्यक्तींना नळजोडणी, मोटर, वीज आणि देखभालीचे कौशल्य देण्याचा कार्यक्रम आहे. मात्र अनेक केंद्रांचे परिचालन कंत्राटदारामार्फत होते. कंत्राट बदलले की माणसे बदलतात आणि त्या नदीचे पाणी कोणत्या पावसात कसे वागते, हे ठाऊक असलेला कर्मचारीही जातो. नवीन केंद्र उभारण्यासाठी निधी मिळतो. ते चालवणाऱ्याच्या शिक्षणासाठी, चाचणी संचासाठी आणि रात्रपाळीच्या मनुष्यबळासाठी तरतूद करणे हा स्वतंत्र निर्णय असतो.

नागरिकांनी काय करावे?

पाण्याला क्लोरिनचा किंचित वास येणे ही तक्रारीची बाब नाही. नळाला शिल्लक क्लोरिन आहे हे त्यातून कळते. अचानक गढूळ, दुर्गंधीयुक्त किंवा रंग बदललेले पाणी आले, तर ते पिऊ नये आणि वेळ व ठिकाण सांगून पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार नोंदवावी. शंका असल्यास पाणी गाळून, खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. सोसायटीची टाकी ठरावीक काळाने धुवावी, टँकरचे पाणी घेताना त्याचा स्रोत विचारावा. आपल्या गावात किंवा प्रभागात शिल्लक क्लोरिनची शेवटची तपासणी कधी झाली आणि किती आला, हे ग्रामपंचायत किंवा महापालिकेला विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.