पिवळा दिवा विझला का?
गेल्या पावसाळ्यात गटाचे पापड घेऊन आम्ही नवीन पनवेलहून लोणावळ्याच्या बाजाराला निघालो. गाडीत 'एबीएस' लिहिलेला पिवळा दिवा पेटलेलाच होता. चालकदादा म्हणाले, "ब्रेक लागतोय की, ताई!"

खरंय, साधा ब्रेक लागतो. पण ब्रेक जोरात दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरते, स्टिअरिंग ऐकत नाही. तसं होऊ नये म्हणून एबीएस ब्रेकचा दाब भराभर कमी-जास्त करतं. दिवा पेटलेला, म्हणजे ही राखण बंद. आणि येताना ओला बोरघाट उतरायचा होता!

२०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. गाडी सुरू करताना हा दिवा काही सेकंद लागून विझतो, ते ठीक. विझला नाही, तर वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, लवकर गॅरेज गाठा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी सावकाश बाजूला घेऊन थांबवायचीच.

आम्ही कळंबोलीलाच गाडी दाखवली. चाकाजवळच्या सेन्सरची वायर तुटली होती. बाजाराला उशीर झाला, पण सगळ्या जणी सुखरूप घरी आलो. गाडी आपली नसली तरी जीव आपला आहे. विचारायला लाजू नका.