वाळूत उमटलेली अक्षरे : मद्रासच्या शाळा आणि शिक्षकाचे स्थान

अध्यापनाच्या पद्धती आणि शिक्षक यांचा परस्परसंबंध काय, हा शिक्षणशास्त्रातील जुना प्रश्न आहे. पद्धती उत्तम असेल तर शिक्षकावाचून काम भागेल काय? निदान थोड्या शिक्षकांवर भागेल काय? जेथे मुले फार आणि शिक्षक थोडे, तेथे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. या प्रश्नाची तीन निरनिराळ्या काळांत कसोटी पाहणारे एक शहर आपल्या देशात आहे. १९९६ पर्यंत ते मद्रास या नावाने ओळखले जाई. आज त्याला चेन्नई म्हणतात.

१७८९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत मद्रासमधील एग्मोर येथे मुलांचा एक अनाथाश्रम सुरू झाला. युरोपीय सैनिकांच्या निराधार मुलांसाठी तो होता. त्यांतील बहुतेकांच्या माता भारतीय होत्या. आश्रमाची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने पत्करली. मुले पुष्कळ होती. शिकविणारे साहाय्यक मात्र थोडे आणि कामाविषयी उदासीन होते. अशा स्थितीत एके दिवशी सकाळी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून पुढ्यातल्या वाळूत बोटांनी अक्षरे काढीत होती. कागद, शाई किंवा लेखणी यांपैकी कशाचाही खर्च तेथे नव्हता. चूक झाली की तळहाताने वाळू सारखी करावी आणि पुन्हा लिहावे, एवढेच.

महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटणार नाही. पंतोजींच्या शाळेतील मुलेही धूळपाटीवर धूळ पसरून त्यावर धुळाक्षरे गिरवीत. पण बेलला ही युक्ती अपूर्व वाटली. त्याने सर्वांत खालच्या वर्गाच्या साहाय्यकाला वाळूत अक्षरे शिकविण्यास सांगितले. असे शिकविणे शक्य नाही, असे त्या साहाय्यकाचे मत पडले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या एका मुलाला बोलावले आणि तो वर्ग त्याच्याकडे सोपविला. प्रौढाला जे अशक्य वाटले, ते या मुलाने करून दाखविले. पुढे बेलने हाच क्रम सर्व वर्गांना लावला. पुढे गेलेल्या मुलाने मागे राहिलेल्याला शिकवावे, आणि शिकविता शिकविता स्वतःचेही ज्ञान पक्के करावे, असे त्याचे सूत्र होते.

मुलाने मुलाला शिकविण्याची ही कल्पनादेखील या भूमीला नवी नव्हती. तमिळ प्रदेशात घराच्या ओट्यावर भरणाऱ्या शाळेला ‘तिण्णै’ शाळा म्हणत, कारण तिण्णै म्हणजे ओटा. अशा शाळेत वडीलधाऱ्या हुशार विद्यार्थ्याला ‘चट्टाम्पिळ्ळै’ हे पद असे आणि तो लहानांचा धडा घेई. बेलच्या दीडशे वर्षांपूर्वी, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कानडी मुलखातील एका देवळाच्या ओसरीत चार मुलांना जमिनीवर बारीक वाळू पसरून, गात गात हिशेब लिहिताना पाहिले होते. गुरुजी जवळ नव्हते. चुका कोण सुधारतो, असे त्याने विचारले. तेव्हा आपण सर्वच शिकणारे असून एकमेकांच्या चुका आपणच सुधारतो, असे त्या मुलांनी त्याला सांगितले.

बेल १७९६ मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपल्या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोडवर अशाच धर्तीची शाळा काढली. या पद्धतीने एकच शिक्षक हजार मुलांना शिकवू शकेल, असा लँकेस्टरचा दावा होता. कारखान्यांच्या त्या युगात हा दावा कोणाला मोहक वाटणार नाही? ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली आणि अन्य देशांतही गेली. १८२० नंतरच्या काळात मुंबई इलाख्यातील नव्या मराठी शाळांतही तिचा अवलंब झाला. येथल्याच ओसरीवरची रीत परदेशी नाव धारण करून परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. बेलच्या देणगीतून स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे उभी राहिलेली ‘मद्रास कॉलेज’ ही शाळा आजही ते नाव धारण करून आहे.

तथापि या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट मागे राहिली. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये इलाख्यातील देशी शाळांची पाहणी सुरू करविली. १८२६ च्या त्यांच्या टिपणात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी अशी नोंद आहे. म्हणजे दर शाळेस सरासरी पंधरा मुले. या शाळांत उणिवा पुष्कळ होत्या. घोकंपट्टीवर भर असे, शिक्षा कठोर असत आणि मुलींना तेथे जवळजवळ स्थान नव्हते. पण एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. वडील मुलगा लहानाला शिकवीत असताना गुरुजी त्याच ओट्यावर बसलेले असत. कोणता मुलगा कोठे अडतो, हे त्यांना दिसत असे. पंधरा मुलांचा ओटा आणि हजार मुलांचे सभागृह यांत रीत वरवर तीच दिसते. शिक्षकाचे स्थान मात्र पार बदललेले असते.

सभागृहातील शिक्षक उंच आसनावरून शिस्त राखी. वर्गनायक मुलाला जेवढे येत असे, तेवढे तो पुढे देई. अक्षर, पाढा किंवा पाठांतर असे पोहोचत असे. पण ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वर्गनायकापाशी नसे आणि ज्याच्यापाशी होते तो शिक्षक फार दूर असे. अखेर १८४६ पासून इंग्लंडने शिकाऊ शिक्षकांना पाच वर्षे रीतसर तयार करण्याची योजना स्वीकारली आणि वर्गनायकांची पद्धती मागे पडत गेली. शिक्षकाची बचत करावयास निघालेल्या व्यवस्थेला शेवटी शिक्षकच घडवावे लागले.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी याच शहरात दुसरा अध्याय घडला. १९३९ च्या नोव्हेंबरात मारिया माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून अड्यार येथे आल्या. त्यांच्या पहिल्या प्रशिक्षणवर्गास देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे तीनशे विद्यार्थी आले होते. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्याने बाईंवर स्थानबद्धतेची बंधने आली आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ नजरकैदेत राहावे लागले. थोड्या महिन्यांसाठी आलेल्या माँटेसरीबाई १९४६ पर्यंत भारतात राहिल्या.

माँटेसरी पद्धतीतही मूल प्रथम बोटानेच अक्षर ओळखते. फळीवर चिकटविलेल्या खरखरीत कागदाच्या अक्षरावरून ते बोट फिरविते. वाळूत अक्षर गिरविणाऱ्या मुलाशी त्याचे नाते जवळचे आहे. निरनिराळ्या वयांची मुले येथेही एकत्र असतात आणि लहान मूल मोठ्याचे पाहून शिकते. पण शिक्षिकेचे काम येथे कमी होत नाही, उलट ते अधिक अवघड होते. तिने साहित्य योग्य क्रमाने मांडावयाचे, प्रत्येक मुलाचे निरीक्षण करावयाचे, आणि केव्हा पुढे यावे व केव्हा दूर राहावे हे ओळखावयाचे. गप्प राहणारी शिक्षिका निष्क्रिय नसते, हे समजण्यासाठीच तर प्रशिक्षण हवे असते.

तिसरा अध्याय आपल्या काळातील आहे. २००३ मध्ये चेन्नई महानगरपालिकेच्या १३ शाळांत कृतियुक्त अध्ययनाचा प्रयोग सुरू झाला. त्याची प्रेरणा आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळांच्या कामातून आली होती, आणि आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी त्याला चालना दिली. पाठ्यक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची एक शिडी भिंतीवर लावली गेली. प्रत्येक टप्प्यासाठी चित्रखुणांची कार्डे करण्यात आली. मुले चटयांवर गटागटाने बसत. काही गट शिक्षिकेच्या मदतीने शिकत, काही सोबत्यांच्या मदतीने, तर काही स्वतःचे स्वतः. भिंतींच्या खालच्या भागाला मुलांच्या हाताला येतील असे फळे केले होते. आजारपणामुळे वा घरच्या कामामुळे शाळा बुडालेले मूल परत आले, की जेथे सोडले होते त्याच टप्प्यापासून पुढे जाई. गरीब वस्तीतील मुलाच्या दृष्टीने ही सवलत लहान नव्हे. आपण मागे पडलो या लज्जेनेच कितीतरी मुले शाळा सोडतात.

२००७ पासून ही पद्धती तामिळनाडूतील ३७ हजारांहून अधिक प्राथमिक शाळांत लागू झाली, आणि जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. कार्डे आणि तक्ते हुकुमासरशी सर्वत्र पोहोचविता येतात. पण मुलाकडे पाहण्याची दृष्टी अशी पाठविता येत नाही. शिक्षिकेने ही पद्धती मनापासून स्वीकारली, तर ती चटईवर मुलांत बसून एकेकाची अडचण जाणून घेई. तसे झाले नाही, तर कार्डे देणे-घेणे आणि तक्ते भरणे एवढेच तिच्या हाती उरे.

या तिन्ही प्रयोगांनी एक गोष्ट निःसंशय दाखविली आहे. मूल स्वतः शिकू शकते आणि दुसऱ्यालाही शिकवू शकते. प्रौढांची समजूत असते त्याहून त्याची ही शक्ती मोठी असते. पण त्या शक्तीला कोणीतरी ओळखावे लागते. एग्मोरच्या वर्गात आठ वर्षांच्या मुलाने वाळूत अक्षरे शिकविली हे खरे. परंतु हा मुलगा शिकवू शकेल, असा विश्वास त्याच्यावर प्रथम एका शिक्षकाने टाकला होता. वाळू कोठेही मिळते. असा विश्वास टाकणारा आणि टाकल्यावर जवळ बसून राहणारा शिक्षक मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घडवावा लागतो.