मॉनिटर ‘मेला’ म्हणजे नेमकं काय झालं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षात एक प्रसंग हमखास येतो. यंत्र बंद पडतं, गाईड बाहेरगावी असतात आणि आपण घाईघाईने झाकण उघडतो. असं का करू नये आणि त्याऐवजी काय करावं, हे आज एका जुन्या यंत्राच्या आधारे बघू: १९८०च्या दशकातल्या आर्केड गेममधला, काचेच्या पिक्चर ट्यूबचा रंगीत मॉनिटर. हेच उदाहरण निवडलं, कारण यात दोष शोधण्याचा तर्क अगदी स्वच्छ आहे आणि चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

आधी हात खिशात

‘मॉनिटर मेला’ हे निदान नाही. आपलं निरीक्षण फक्त एवढंच आहे की पडदा काळा दिसतोय. म्हणून काहीही उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. गेमचा आवाज येतोय का? चालू करताना पडद्याच्या काचेवर स्थिर विजेची हलकी चरचर होते का? मागून, लांबूनच पाहिलं तर ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसतो का?

आवाजही नसेल तर दोष कदाचित मॉनिटरमध्ये नसून पॉवर सप्लायमध्ये किंवा गेम बोर्डमध्ये असेल. मानेतला उजेड तर फारच बोलका. बऱ्याच मॉनिटरमध्ये ट्यूबच्या हीटरला वीज फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमधून मिळते (आपले टीव्ही मेकॅनिक त्याला ईएचटी म्हणतात). उजेड दिसला म्हणजे फ्लायबॅक आणि त्याला चालवणारा भाग बहुधा शाबूत आहे. एका नजरेत अर्धं सर्किट संशयितांच्या यादीतून बाहेर!

बंद आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं नाही

ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून विद्युतवाहक थर असतो. मध्ये काच. म्हणजे झाला की कपॅसिटर! १९ इंची रंगीत ट्यूबमध्ये तो साधारण २० ते २५ हजार व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज कित्येक दिवस टिकू शकतो. शिवाय चॅसीवरच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये दीडशेहून जास्त व्होल्ट डीसी उरलेले असू शकतात.

म्हणून पहिल्यांदा हे काम अनुभवी तंत्रज्ञाच्या शेजारी उभं राहूनच शिका, एकट्याने कधीच नको. अंगठी, घड्याळ काढा, डोळ्यांना चष्मा लावा. ट्यूबची मान नाजूक असते, तिला धक्का लावू नका. प्लग काढा. चांगल्या इन्सुलेशनचा, लांब चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या. त्याच्या दांड्याला क्लिपची वायर लावून दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या, विणलेल्या ग्राउंड तारेला जोडा. भलत्याच ग्राउंडला जोडलंत तर तो झटका नाजूक घटकांमधून जाईल. एक हात पाठीमागे ठेवून टोक रबरी टोपीखाली सरकवा, आतल्या धातूला टेकेपर्यंत. ‘टक्’ आवाज येईल किंवा येणारही नाही. आवाज आला नाही म्हणून चार्ज नव्हताच, असं समजू नका. काही मिनिटांनी पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला चार्ज थोडा परत वर येतो. फिल्टर कपॅसिटरचं व्होल्टेज मीटरने मोजा. उरलं असेल तर काही किलोओहमच्या, पाच-दहा वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि पुन्हा मोजा.

आता फ्यूजची साक्ष

फ्यूज उडाला असेल तर मोठा फ्यूज टाकायचा मोह टाळा. फ्यूज साक्षीदार आहे, त्याचं ऐका. कुठेतरी शॉर्ट आहे. पहिले संशयित म्हणजे रेक्टिफायरचे डायोड आणि हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर. त्याच्या कलेक्टर आणि एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी जवळपास शून्य ओहम आले तर तो गेला असण्याची शक्यता दाट.

पण इथे एक सापळा आहे. बेस आणि एमिटरमध्ये मोजलंत तर चांगल्या ट्रान्झिस्टरलाही जवळजवळ शून्य दिसेल, कारण सर्किटमध्ये त्यांना समांतर ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग असते. मीटर खोटं बोलत नाही, आपण विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. शंका असेल तर ट्रान्झिस्टर काढून बाहेर मोजा.

फ्यूज शाबूत, पण मानेत उजेड नाही? मग मुख्य डीसी पुरवठा येत नाही, ड्राइव्ह येत नाही किंवा फ्लायबॅकच्या पायांशी ड्राय सोल्डर आहे. उजेड आहे, चरचर आहे, पण चित्र नाही? मग गेम बोर्डकडून येणारा सिग्नल, मानेवरचा बोर्ड आणि स्क्रीन कंट्रोल तपासा.

पुन्हा वीज देताना आपल्या मेकॅनिकांचा सिरीज बल्ब कामी येतो. बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. क्षणभर चमकून मंद झाला तर बरीच आशा आहे.

चालू यंत्रावर मोजताना

अशा अनेक मॉनिटरची चॅसी मुख्य विजेपासून वेगळी केलेली नसते. ते काम कॅबिनेटमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करतो. मॉनिटर टेबलावर आणून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला तर चॅसीच जिवंत होते. वर तिला ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप लावलीत, तर ती क्लिप अर्थिंगला जोडलेली असल्यामुळे सरळ शॉर्ट. प्रयोगशाळेत ही चूक सहज होते, म्हणून लक्षात ठेवा. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर चालू असताना हजार व्होल्टच्या आसपासचे पल्स असतात. तिथे आणि रबरी टोपीखाली साधं मीटर लावायचंच नाही.

यात संशोधन कुठे आलं?

काही जण सगळे इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर एकदम बदलून टाकतात. जुन्या यंत्रात तो उपाय कधीकधी योग्यही असतो. पण निदानाआधी तसं केलंत आणि यंत्र सुरू झालं, तर दोष काय होता हे कळलंच नाही. सुरू झालं नाही, तर जुन्या दोषात आपल्या हातच्या नव्या चुकांची भर पडली असेल.

म्हणून वहीत चार रकाने आखा: काय दिसलं, कारणं कोणती असू शकतात, पुढे काय मोजणार, आणि त्या मोजणीने कोणतं कारण बाद होईल. चौथा रकाना भरता येत नसेल तर ती मोजणी करू नका. तुमच्या लॅबमधला लेझर, पंप किंवा हाय व्होल्टेज सप्लाय बंद पडेल, तेव्हाही झाकणाला हात लावण्याआधी हीच वही उघडा. आणि पहिल्या ओळीत लिहा: आत अजून ऊर्जा साठलेली आहे का, आणि ते मी कसं तपासलं?