फिन्स्पोंगची पाच पोरं: ‘एज ऑफ सॅनिटी’च्या सात अल्बमांचा मागोवा

स्वीडिश मेलोडिक डेथ मेटलचा विषय निघाला की तीन बँडांची नावं ठरलेली असतात: ॲट द गेट्स, इन फ्लेम्स आणि डार्क ट्रँक्विलिटी. तिघंही गोथेनबर्गचे. ‘द गॅलरी’ आणि ‘स्लॉटर ऑफ द सोल’ हे त्यांचे अल्बम १९९५ मध्ये आले, ‘द जेस्टर रेस’ १९९६ मध्ये, आणि या संगीतावर त्या शहराचा शिक्का कायमचा बसला. त्या शिक्क्याबाहेर जे राहिले, त्यांच्यात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती एज ऑफ सॅनिटी या बँडची. १९९१ ते १९९७ या काळात त्यांचे सात अल्बम आले. ते सुटे-सुटे पूर्वी ऐकले होते. अलीकडे पहिल्यापासून ओळीने ऐकत गेलो, तेव्हा लक्षात आलं की या संगीतप्रकारात काय काय मावू शकतं याचा शोध इतक्या कमी वर्षांत इतक्या धिटाईने त्या काळी क्वचितच कुणी घेतला असेल.

फिन्स्पोंग हे स्वीडनमधलं छोटं कारखान्यांचं गाव, नॉरशपिंगपासून जवळ. शतकांपूर्वी इथे तोफा ओतल्या जात, विसाव्या शतकात टर्बाइन बनू लागले. गोथेनबर्ग इथून लांब, स्टॉकहोमही काही शेजारी नाही. १९८९ मध्ये इथल्या पाच मुलांनी बँड काढला: डॅन स्वानो, आंद्रेआस ॲक्सेलसन, सामी नेर्बर्ग, आंदेर्श लिंडबर्ग आणि बेनी लार्सन. गाणारा आणि बरंचसं रचणारा स्वानो तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्यांना जागा दिली ब्लॅक मार्क या छोट्या कंपनीने. तिची ओळख मुख्यतः बाथोरी या बँडमुळे होती.

पहिला अल्बम ‘नथिंग बट डेथ रिमेन्स’ (१९९१) प्रामाणिक आहे, पण उसना आहे. स्टॉकहोममध्ये एन्टूम्ड या बँडने आदल्या वर्षी ‘लेफ्ट हँड पाथ’ काढून गिटारचा तो प्रसिद्ध करवतीसारखा आवाज रूढ केला होता. बॉस कंपनीच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली की तो निघतो. त्या वर्षांत स्वीडनमधल्या प्रत्येक पोराला तोच आवाज हवा होता आणि फिन्स्पोंगची पोरं अपवाद नव्हती. पुढच्याच वर्षीच्या ‘अनऑर्थोडॉक्स’मध्ये मात्र चुळबुळ सुरू झालेली ऐकू येते. ‘एनिग्मा’ हे लांबलचक गाणं चाल बदलत, थांबत, पुन्हा उसळत जातं आणि त्यात स्वानोचा साफ आवाज डोकावतो. डेथ मेटलमध्ये गायक गुरगुरण्याऐवजी नीट सुरात गायला, तर त्या काळी चाहते कपाळाला आठ्या घालत, हे ध्यानात ठेवूनच ते ऐकावं.

खरं वळण ‘द स्पेक्ट्रल सॉरोज’चं, १९९३ चं. इथे बँडने चाहत्यांच्या आठ्यांची पर्वा सोडली. अल्बमच्या मध्यावर मॅनोवॉरचं ‘ब्लड ऑफ माय एनिमीज’ हे तलवारी-ढालींच्या थाटातलं हेवी मेटल गाणं नव्याने वाजवलं आहे. त्याला लागून ‘जीझस क्राइज’ येतं, पंकच्या अंगाने धावणारं. आणि शेवटाकडे ‘सॅक्रिफाइस्ड’ हे गॉथिक रॉक. त्यात गुरगुरणं शून्य, फक्त स्वानोचा खर्जातला भारदस्त साफ आवाज. मधल्या गाण्यांत दोन गिटारी एकमेकींना धरून चालतात. आयर्न मेडनची जोड-गिटारीची परंपरा इथे डेथ मेटलच्या वजनाखाली वाहते. हीच गोष्ट पुढे गोथेनबर्गची खूण ठरली. मी श्रेयाचा दावा मांडत नाही. त्या वर्षांत स्वीडनमध्ये अनेक ठिकाणी एकाच वेळी हे घडत होतं. म्हणूनच सगळं श्रेय एका शहराच्या खात्यावर पडलं, याचं वाईट वाटतं.

१९९४ मध्ये एका छोट्या रेकॉर्डवर त्यांनी चक्क द पोलीसचं ‘इन्व्हिजिबल सन’ वाजवलं. त्याच वर्षी ‘पर्गेटरी आफ्टरग्लो’ आला. माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. त्यानंतर आलेल्या ‘क्रिम्झन’चे भक्त रागावतील, रागावू देत.

‘ट्वायलाइट’ या पहिल्याच गाण्याने अल्बम आपली पातळी दाखवतो. सुरुवात हळुवार, साफ आवाजातली. मग गिटारी कोसळतात आणि तोच माणूस छातीच्या तळातून गुरगुरू लागतो. डेथ मेटलमधल्या बऱ्याच गुरगुरण्यात अक्षरं विरघळून जातात. स्वानोचं तसं होत नाही. शब्द ऐकू येतात, वाक्य कुठे संपलं ते कळतं, आणि त्यामुळे त्या आवाजात रागापलीकडचं दुःखही उतरतं. आठ मिनिटांच्या आसपासचं हे गाणं एकदाही पसरट होत नाही, कारण प्रत्येक नवा भाग आधीच्या धुनेचं काहीतरी देणं फेडतच येतो. पुढे ‘ब्लॅक टियर्स’ आहे: जेमतेम तीन मिनिटांचं, पूर्ण साफ गायलेलं, रेडिओवर सहज वाजलं असतं असं. हेवन शॅल बर्न या जर्मन बँडने ते नंतर आपलं करून वाजवलं आणि कित्येक तरुण श्रोत्यांना ते गाणं जर्मनांचंच वाटतं. शेवटचं ‘साँग ऑफ सायरन्स’ तर भलत्याच वाटेने जातं. आखूड, ठेचून वाजवलेले रिफ आणि ओरडून म्हटलेले शब्द, नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी मेटलच्या वळणाचे. अल्बम एकसंध नाही, अशी तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. मला ती पटत नाही. एकाच अल्बमभर एकाच मनःस्थितीत राहण्याचा नियम मेटलमध्ये फार पाळला जातो, आणि या पोरांनी तो मोडला म्हणूनच मी त्यांच्याकडे परत येतो.

१९९६ मध्ये ‘क्रिम्झन’. सीडी लावली की प्लेअरवर एकच ट्रॅक दिसायचा, चाळीस मिनिटांचा. आवडता तुकडा पुन्हा ऐकायचा तर बटण दाबून धरून अंदाजाने पुढे-मागे जावं लागे. त्यामुळे श्रोता आपसूक सगळं ऐकायला शिकला. गोष्ट भविष्यकाळातली आहे. मानवजात वांझ झाली आहे, आणि अशात राजा-राणीला मुलगी होते. राणी बाळंतपणात जाते. मुलगी मोठी होते, सत्ता हाती घेते, लोक तिच्याविरुद्ध उठतात आणि तिला लाल द्रवात कोंडलं जातं. कथानक म्हणून यात फार नवं नाही. पण संगीताची बांधणी पाहा. धुना येतात, हरवतात, वेगळ्या गतीत, वेगळ्या वाद्यावर परत येतात. श्रोता ओळख पटून दचकतो तेवढ्यात त्या पुढे गेलेल्या असतात. जोराच्या भागांनंतर येणारी शांतता कधी विश्रांतीपुरती नसते, तिथे गोष्ट पुढे सरकते. स्वानो तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

या अल्बमवर एक पाहुणा आहे: ओपेथ या बँडचा मिकाएल ओकरफेल्ट, काही ठिकाणी गातो, गिटारही वाजवतो. इथे स्वानोचा दुसरा उद्योग सांगायला हवा. त्याचा युनिसाउंड हा स्टुडिओ होता. ओपेथचे पहिले दोन्ही अल्बम, ‘ऑर्किड’ आणि ‘मॉर्निंगराइज’, तिथेच ध्वनिमुद्रित झाले. डिसेक्शन, मार्डुक, कॅटॅटोनिया हे बँडसुद्धा त्याच स्टुडिओची गिऱ्हाइकं. ‘मॉर्निंगराइज’मधलं ‘ब्लॅक रोझ इमॉर्टल’ हे वीस मिनिटांचं गाणं आणि ‘क्रिम्झन’ ही दोन्ही १९९६ ची. आज ओपेथ जगभर ऐकला जातो. आमच्याकडेही कॉलेजची पोरं त्याच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ या अल्बमपासून सुरुवात करून मागे मागे जातात आणि सीडीच्या पुस्तिकेत स्वानोचं नाव पाहून थबकतात. माझीही ओळख तशीच झाली. पण बहुतेक जण ‘ध्वनिमुद्रण करणारा माणूस’ म्हणूनच त्याला ओळखतात आणि तिथेच थांबतात.

त्यानंतर घसरण लवकर झाली. स्वानो आणि ॲक्सेलसन यांची तोंडं दोन दिशांना होती. एकाला सुरावटी आणि प्रोग्रेसिव्ह रॉक हवं होतं, दुसऱ्याला जुनं, रांगडं डेथ मेटल. १९९७ च्या ‘इन्फर्नल’मध्ये हा दुभंग सरळ ऐकू येतो, गाणी जणू दोन बँडांची आहेत. ‘हेल इज व्हेअर द हार्ट इज’ सुंदर आहे, पण तेवढ्याने अल्बम तरत नाही. स्वानो बाहेर पडला. उरलेल्यांनी रॉबर्ट कार्लसनला गायक घेऊन त्याच वर्षी ‘क्रिप्टिक’ काढला. तो सरळसोट आणि ठीकठाक आहे, आणि तिथे बँड संपला. दैव असं, की नेमकं तेव्हाच स्वीडिश मेलोडिक डेथ मेटलला जगभर बाजार मिळू लागला होता. दौऱ्यांवर जाणारे, एकच ओळखीचा चेहरा असलेले बँड त्या लाटेवर चढले. एज ऑफ सॅनिटीने मोठे दौरे फारसे केलेच नव्हते, कंपनी छोटी होती, आणि त्यांचं संगीत एका वाक्यात विकता येण्यासारखं नव्हतं.

२००३ मध्ये स्वानोने बँडच्याच नावाने ‘क्रिम्झन २’ काढला. बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली, शब्द क्लाइव्ह नोलन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह संगीतकाराकडून घेतले. ध्वनी स्वच्छ, गायकी परिपक्व, कारागिरी वरच्या दर्जाची. पण बेनी लार्सनचे ड्रम त्यात नाहीत, आणि ॲक्सेलसनचा तो रांगडा ओढा नाही, जो स्वानोला सतत अडवत असे. त्याच्या एकट्याच्या कामात मला १९९८ चा ‘मूनटॉवर’ जास्त आवडतो. तो पहिल्यापासून एकट्याचाच म्हणून रचलेला आहे. कुणी विचारलं, तर मी आधी ‘पर्गेटरी आफ्टरग्लो’ हातात देईन, मग ‘द स्पेक्ट्रल सॉरोज’, आणि चाळीस मिनिटं मोकळी मिळतील त्या दिवशी ‘क्रिम्झन’.