गोळी मिळाली म्हणजे केमो टळली?

फुप्फुसाच्या कर्करोगावर रोज एक गोळी घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सलाइन नको, केस जायचे नाहीत. पण याच सुटकेतून काही समज रुजतात आणि उपचाराच्या आड येतात.

'ही गोळी कुणालाही चालते' हा त्यातला पहिला. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब ही औषधं गाठीतल्या पेशींच्या ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असेल तरच द्यायची. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, पूर्व आशियातल्या 'आयपास' अभ्यासात हा बदल असलेल्यांचा आजार जेफिटिनिबने केमोपेक्षा जास्त काळ आवरला. बदल नसलेल्यांत चित्र उलटं होतं: गोळीवर आजार साधारण दीड महिन्यात बळावला, केमोवर साडेपाच महिन्यांनी. शेजारच्या काकांना गुण आला, एवढ्या आधारावर गोळी मागू नये. बायोप्सीच्या तुकड्याची तपासणी होऊ द्यावी.

'गोळी चालू असताना केमो म्हणजे विनाकारण हाल.' हा समज मला सगळ्यात चिवट वाटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ईजीएफआर-बदल असलेल्या, आजार पसरलेल्या ३५० रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना नुसतं जेफिटिनिब, निम्म्यांना त्यासोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. गंभीर त्रास पहिल्या गटात सुमारे २५ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात ५१ टक्क्यांना, म्हणजे दुप्पट. पण आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळही ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला आणि रुग्ण जास्त जगले. त्रासाचा आकडा एकटा वाचला तर केमो नकोशी वाटेल, दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर निर्णय सोपा नसला तरी निदान डोळसपणे घेता येतो. सत्तरीतल्या, आधीच खंगलेल्या आजोबांसाठी उत्तर वेगळंही येऊ शकतं.

'पुरळ उठलं, औषध अंगाला लागलं नाही.' ईजीएफआर त्वचेच्या पेशींवरही असतं, म्हणून चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं, नखांच्या कडा सुजतात, जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे. मलम, डॉक्सिसायक्लिन, उन्हापासून जपणं, गरज पडल्यास डोस कमी करणं, असे उपाय आहेत. पुरळ न येणं म्हणजे औषध चालत नाही, असंही नाही.

'गाठ दिसेनाशी झाली, आता गोळी पुरे.' पसरलेल्या आजारात गोळी पेशींना दाबून ठेवते, सहसा मुळापासून काढत नाही. स्वतःहून थांबवली तर आजार पुन्हा डोकं वर काढतो.

एका त्रासाबाबत मात्र मुळीच थांबू नये. नव्याने धाप लागली, कोरडा खोकला वाढला, ताप आला, तर 'आजारच आहे, असं व्हायचंच' म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नका. या गोळ्यांनी आणि इम्युनोथेरपीनेही थोड्या रुग्णांच्या फुप्फुसाला सूज येते, ती जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. औषध थांबवून स्टेरॉइड द्यावं लागतं.

आणि ॲसिडिटीची गोळी? ती साधीच, सांगायची काय, असं वाटतं. ओमेप्रॅझोल घेतल्यास एर्लोटिनिबचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. ऑसिमर्टिनिबला ती अडचण नाही. म्हणून घरातल्या झाडून सगळ्या औषधांच्या पट्ट्या, काढ्याच्या बाटलीसकट, पिशवीत घालून ओपीडीत न्याव्यात.